एक टाळी, दोन टाळ्या

सोमवार, ३ मार्च

प्रिय चिमीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, एक गुडघा सोडून. त्याने आता वेगळा संसार थाटला आहे, माझं ऐकत नाही. तुझं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं होतं. नेहमीप्रमाणे दोन ओळी. उत्तर द्यायला मार्च उजाडला, आणि तेही गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर. पण कागद जाड आहे, शाई फुटत नाही, तेव्हा नाक मुरडू नकोस.

पत्राला कारण घडलं आहे. तुझी ताई साठाव्या वर्षी रेकॉर्डिंग करते आहे. हसून घे आधी.

झालं असं, की आमचं प्रार्थना मंडळ रोज सकाळी वृद्धाश्रमात जातं. बायका गातात, तिथले आजी-आजोबा मागून म्हणतात, मी पेटीवर साथ करते. या हिवाळ्यात गुडघ्याने संप पुकारला आणि तिथल्या बेचाळीस पायऱ्या मला बंद झाल्या. पंधरा दिवस मंडळ पेटीशिवाय गायलं. सोळाव्या दिवशी अध्यक्षीणबाई धापा टाकत घरी आल्या. म्हणाल्या, "अहो, निम्म्या आज्या वर, निम्म्या खाली, आणि आम्ही मध्ये लोंबकळतोय. देवाला सुद्धा कळत नसेल कुणाचं ऐकावं. तुम्ही नका येऊ, पण तुमची पेटी पाठवा!" पेटी म्हणजे पेटीचा आवाज. अकरा गाणी, नुसती साथ. त्या तिथे लावणार आणि सगळे त्यावर गाणार.

स्टुडिओवाल्याला फोन केला. त्याने तासाचा भाव सांगितला. मी "देव तुमचं भलं करो" म्हणून फोन ठेवला. मग आमच्या थोरलीने आपला जुना मोबाइल पाठवला. (तुझी भाची अजून त्याच कचेरीत आहे, आकडेमोडीच्या खात्यात, माझ्यावर गेली.) म्हणाली, "आई, घरीच कर. सगळं एकटीने होतं. दुसरं कुणी लागत नाही."

दुसरं कुणी लागत नाही म्हणे! पेटीला दोन हात लागतात हे मोबाइल बनवणाऱ्यांच्या कानावर गेलेलं दिसत नाही. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. मग बटण काय नाकाने दाबायचं? आधी दाबून पेटीशी येऊन बसावं तर बसताना गुडघा कटकन वाजतो. चूक झाली की उठा, बंद करा, पुन्हा लावा, पुन्हा बसा, पुन्हा कटकन. पहिल्या दिवशी दीड तासात एक गाणं निघालं आणि त्यामागे सतरा गुडघे.

तेव्हा ठरवलं, जसा संसार केला तसंच हेही करायचं. एकदा शेगडी पेटली की त्या आचेवर सगळं उरकून घ्यायचं. आता दुपारी तीनला देवाला हात जोडते, बटण दाबते, आणि चारलाच उठते. मध्ये काही झालं तरी बंद करायचं नाही. पेटीचं तोंड कपड्यांच्या कपाटाकडे, कपाटाची दारं सताड उघडी. आत रजया आणि तुझ्या भाऊजींचे कोट. त्यांनी खोलीचा सगळा घुमारा गिळला. मोबाइल पेटीवर ठेवायचा नाही, बोटाचा ठोका लाकडातून जातो. हातभर लांब, स्टुलावर, चार घड्या घातलेल्या टॉवेलवर. आणि सर्वांत आधी त्यावरचं विमानाचं चित्र दाबायचं, नाहीतर तिसऱ्या कडव्यात वन्सं बोलायला येतात. एकदा येऊन गेल्या. पाठदुखीसकट.

आणि चूक झाली तर? इथे माझं डोकं चाललं. चूक झाली की एक टाळी वाजवायची, ओळीच्या सुरुवातीला जायचं आणि पुढे वाजवत राहायचं. एक टाळी म्हणजे "मागचं टाक". मनासारखं झालं की दोन टाळ्या. दोन म्हणजे "मागचं ठेव". तासाचं सगळं गाठोडं थोरलीकडे जातं. तिच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं म्हणे, आणि टाळी त्यात काठीसारखी उभी. ती जेवणाच्या सुट्टीत काठ्या बघून कापते. मी म्हटलं, ऐकत नाहीस? तर म्हणाली, "आई, सगळं ऐकत बसले तर माझी नोकरी जाईल. मी नुसतं बघते आणि कापते." म्हणजे आपली भाजी निवडण्याचीच गत.

हिशेबाच्या वहीच्या शेवटून पानं आखली आहेत. गाणं कितवं, प्रयत्न कितवा, टाळी कुठल्या ओळीवर. पाहून भाऊजी म्हणाले, "देवाच्या दारातही ही वही घेऊन जाशील." मी म्हटलं, तिथे तर लागेलच.

सात गाणी झाली. आठवं अडलं आहे. कुठलं ते तुला सांगायला नको. तेच, पहाटेचं, ज्याची तिसरी ओळ वर चढते. शेजारच्या सुताराचा कुत्रा नेमका तिथे भुंकतो, म्हणून अडलं. अध्यक्षीणबाई म्हणतात, सगळी गाणी काळी दोनात घ्या, खालच्या पट्टीत, म्हाताऱ्या माणसांचे गळे, वर कसे चढतील? दहा गाणी घेते म्हटलं काळी दोनात. पण आठवं मी काळी चारातच वाजवते आहे. ते गाणं काळी चारातच बसतं.

तू हल्ली गुणगुणतेस का ग कधी? नुसतं विचारलं.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
ताई


गुरुवार, २० मार्च

प्रिय चिमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं! कार्ड नव्हे, पत्र. साडेसात ओळी भरल्या. वाचताना हसलीस असं लिहिलंस, ते वाचून मी दोनदा हसले. तुझ्या घरी हसण्याचा आवाज झाला म्हणजे माझ्या गुडघ्याने आयुष्यात एक तरी पुण्य केलं.

सातवी ओळ मात्र पुन्हा पुन्हा वाचली. "मी गुणगुणत नाही. माझा गळा कधीच गेला, तुला माहीतच आहे." हं.

आता इकडची मजा ऐक. तुझ्या भाऊजींनी दुकान बंद करून घड्याळं घरी आणली, हे तुला कळलंच असेल. दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न नेलेली मिळून नऊ घड्याळं भिंतीवर आहेत. आम्हाला त्यांची इतकी सवय, की टिकटिक ऐकूच येत नव्हती. थोरलीचा फोन आला: "आई, सगळ्या गाण्यांच्या मागे कुणी सुपारी फोडतंय का?" तेव्हा कुठे आमचे कान उघडले. सात गाणी गेली पाण्यात. मी भाऊजींकडे नुसतं बघितलं. चाळीस वर्षं ज्या माणसाने घड्याळ बंद पडू दिलं नाही, तो मुकाट्याने उठला आणि नऊच्या नऊ लंबक हाताने धरून थांबवले. आता रोज तीनला आमच्या घरात वेळ थांबते आणि चारला पुन्हा सुरू होते. परवा चारला सुरू करायला विसरले. दोघंही संध्याकाळचं जेवण तीन वाजताच जेवलो!

पण त्यांनी एक काम झकास केलं. माझी लय पुढे पुढे पळते, हे तू लहानपणापासून सांगत आलीस. ("ताई, गाडी सुटते आहे का?") तर त्यांनी एका मोडक्या घड्याळाचा लंबक काढला, दोरीला बांधला आणि कपाटाच्या कडेला खिळ्यावर टांगला. आवाज काही नाही, नुसता झुलतो. एका धक्क्यात तीन-साडेतीन मिनिटं चालतो, तेवढ्यात गाणं आटोपतं. कानात काही घालायला नको, हात मोकळे, डोळ्यांनी लय धरायची. फुकट! पुन्हा पहिल्यापासून केलेली सातही गाणी पाच दिवसांत झाली. नववं, दहावं, अकरावं पण झालं. खालच्या शिंप्याशीही बोलून घेतलं आहे. तो तीन ते चार मशीन बंद ठेवून काज-बटणं करतो. म्हणतो, "काकू, तुमच्यामुळे माझी बटणं वेळेवर व्हायला लागली."

आठवं अजून नाही.

काल भाऊजी चष्मा कपाळावर चढवून माझी वही वाचत बसले. आठव्याच्या पानावर एकतीस प्रयत्न आहेत. म्हणाले, "कुत्रा कुठे लिहिलाय?"

मी म्हटलं, "कुत्रा काय लिहायचा वहीत?"

"मग हे बघ. एकतीसच्या एकतीस टाळ्या तिसऱ्या ओळीवर. सुताराचा कुत्रा इतका तालात भुंकत नाही."

ते म्हणाले, "घड्याळ रोज वेगवेगळ्या जागी अडत असेल तर ते नुसतं म्हातारं झालेलं असतं. रोज एकाच जागी अडत असेल, तर चाकाच्या त्या एका दाताला काहीतरी लागलेलं असतं. तेल घालून चालत नाही, उघडून बघावं लागतं. तू तिथे चुकत नाहीस ग. तू तिथे थांबतेस. कुणीतरी पुढे जायची वाट बघितल्यासारखी."

मी म्हटलं, "काही लागलेलं नाही, मला बटाटे सोलायचे आहेत," आणि उठले. गुडघा वाजला तो वेगळाच.

चिमे, त्या दिवशी सकाळी तू खिडकीशी केस विंचरत होतीस, आणि मी पेटीचा भाता पुसत होते, ते आठवतं का तुला? जाऊ दे. आता आठवडाभर पेटी बंद, मग बत्तिसावा प्रयत्न. देवाच्या मनात असेल तर होईल.

थोरली म्हणते, सगळी गाणी तयार झाली की मावशीलाही पाठवीन. तुझ्या साध्या फोनवर येणार नाहीत; सूनबाईंच्या फोनवर पाठवेल, त्या रविवारी आल्या की ऐकवतील. माझी लय ऐक आता, गाडी सुटत नाही.

तुझी,
ताई


मंगळवार, १ एप्रिल

चिमे,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडायला हवं म्हणून मी स्वतः चालत टपाल कचेरीत जाणार आहे. नवीन कागद घेतला आहे, त्यावरून काय ते समज.

आधी काय झालं ते सांगते, मग काय केलं ते.

गेल्या शुक्रवारी तीनला बसले. "आठ, बत्तीस," असं म्हटलं, वाजवायला घेतलं, तिसऱ्या ओळीवर पुन्हा तेच. एक टाळी वाजवली आणि हात तसेच मांडीवर राहिले. तुझे भाऊजी दारात उभे होते. मला वाटतं ते रोजच उभे असतात. म्हणाले, "उघडून टाक आता." आणि मी सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा माणसाला सांगितलं. देवाला रोज सांगत आले. पण देवाला सांगणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. सांगून झाल्यावर डोळे पुसले आणि सवयीने तळहात एकमेकांवर झटकले. झट, झट. जसे भांडी घासून झाल्यावर झटकते तसे.

मोबाइल चालू होता. मध्ये काही झालं तरी बंद करायचा नाही, हा माझाच नियम.

थोरलीने काठ्या बघितल्या. एक काठी: मागचं टाक. मग चार मिनिटं काहीतरी. मग दोन काठ्या: मागचं ठेव. तिने ठेवलं. नंतर म्हणाली, "आई, मला वाटलं या वेळी तू जरा हळू वाजवलंस." अकरा फाइली तयार झाल्या, त्या काल तिने मंडळाला पाठवल्या, आणि सूनबाईंच्या फोनवर, तुझ्यासाठी.

आज सकाळी वृद्धाश्रमात प्रार्थना झाली. सात गाणी छान झाली. आठवं लावलं, सगळ्या आज्या तोंड उघडून तयार, आणि पेटीच्या जागी माझा आवाज. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बंद करायला धावले हो, पण एका आजीनेच हात धरला. म्हणाली, थांब, कुणीतरी मन मोकळं करतंय, मध्ये बोलू नये." चार मिनिटं चाळीस माणसं ऐकत बसली. संपल्यावर कुणी गायलं नाही. मग त्याच आजीने विचारलं, "धाकटीला सांगितलं का हिने?" अध्यक्षीणबाईंनी मला फोन करून तोच प्रश्न विचारला. आणि म्हणाल्या, रोज विचारणार आहेत सगळे, तयारीत राहा.

मी थोरलीला फोन केला. ती रडकुंडीला आलेली. म्हणाली, "आई, वहिनीने अजून उघडलेलं नाही, ती रविवारी मावशीकडे जाऊन लावणार. मी पुसून टाकते. मावशीला कळणार पण नाही."

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं, चिमे, की माझी मलाच लाज वाटली. पाच मिनिटं हातात फोन धरून बसले. पुन्हा एकदा सगळं झाकता येत होतं. मग म्हटलं, "पुसू नकोस. पण तिने ऐकायच्या आधी माझं पत्र पोचायला हवं." फोन करत नाही, कारण फोनवर तू लगेच "जाऊ दे ग ताई" म्हणशील आणि ते तिथेच पुन्हा बुजेल. शिवाय सूनबाईंच्या देखत तुला हे पहिल्यांदा कळू नये. म्हणून आता लिहिते.

त्या दिवशी संगीत विद्यालयाच्या बाई प्रार्थनामंदिरात तुझं गाणं ऐकायला येणार होत्या. तू अठराची, मी बावीसची. त्यांना आवडलं तर तू त्यांच्याकडे शिकायला जाणार, राहायलाही तिथेच. सकाळी केस विंचरता विंचरता तू म्हणालीस, "पेटीचं काय ग ताई, तिकडे साथीला कुणीही मिळेल." तू काही टोचायला म्हणाली नव्हतीस. माझ्या विद्यालयाचा तर प्रश्नच नव्हता, मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. पण चार वर्षांची होतीस तेव्हापासून तुला सूर मी देत होते. "कुणीही" हा शब्द मला दिवसभर पुरला.

संध्याकाळी तू पुढे बसलीस, मी तुझ्या मागे. तुझी पट्टी काळी चार. मी काळी पाच दिली, एक अख्खा सूर वर.

चुकून नाही. बोट काळी चारावर होतं, ते मी उचललं आणि पुढे ठेवलं.

माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते, सुटायला म्हणून नाही. मला वाटलं, तुला पहिल्या ओळीतच काहीतरी वेगळं लागेल, तू मागे वळशील, डोळ्यांनी विचारशील, "ताई, हे काय?" आणि मी खाली येईन. एकदा वळून बघायला हवं होतंस तू, एवढंच. पण तू वळलीच नाहीस. मी दिलेल्या सुराबद्दल तुझ्या मनात शंका कशाला येईल? तू तो सूर डोळे मिटून घेतलास आणि चढत गेलीस, आणि तिसऱ्या ओळीवर, सगळ्यांसमोर, तुझा आवाज फाटला. विद्यालयाच्या बाईंनी वही मिटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वही मिटल्याचा.

पण चिमे, हे सगळं तरी क्षणाचं होतं. खरं पाप घरी आल्यावर झालं. आई तुला जवळ घेऊन म्हणाली, "काल थंड पाणी प्यायली असेल ही." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो. प्यायली होती."

तू प्यायली नव्हतीस. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, आणि मग तुला स्वतःलाच वाटायला लागलं की प्यायली असशील.

तुझा गळा गेला नव्हता. तुला चुकीच्या पट्टीत बसवलं होतं, आणि ते मी केलं होतं. एवढंच लिहायला अडतीस वर्षं लागली.

माफी मागत नाही असं नाही, मागतेच आहे. पण तू ती द्यावीस असा माझा हक्क नाही. माझ्या वहीत ही बाजू कधी जुळणार नाही, हे मला माहीत आहे.

आता कामाचं. गेल्या शनिवारी आठवं गाणं झालं, पण ते थोरलीकडे अजून पाठवलं नव्हतं. तेहतिसाव्या प्रयत्नात, एकही टाळी न वाजवता, तिसऱ्या ओळीवर न थांबता. मंडळासाठी काळी दोनात निराळं केलं. हे काळी चारातलं फक्त तुझं आहे. थोरली ते आज पाठवते आहे. आधी सूर दिला आहे, मग दोन आवर्तनं मोकळी सोडली आहेत, तुला श्वास घ्यायला. ऐकावंसं वाटलं तर ऐक. आणि कधी, अगदी कधीतरी वाटलं, तर सूनबाईंच्या फोनवर पेटी लावून ती कानात घाल, दुसरा कुठला फोन मिळाला तर तो टॉवेलवर ठेव, कपाटाची दारं उघड आणि त्यात तोंड करून गा. एकटीने होतं. दुसरं कुणी लागत नाही.

नाही वाटलं तर फोन पुसून ठेवून दे.

काळी चार धरून बसलेली,
तुझी ताई


सोमवार, ७ एप्रिल

प्रिय, प्रिय चिमीस,

ताईचे अनेक अनेक आशीर्वाद. हे पुन्हा कॅलेंडरच्या पाठीवर, कारण आता ओळख पटली आहे.

काल चारला भाऊजी घड्याळं चालू करत होते, तेव्हा तुझी फाइल आली. थोरलीने मला ती कशी उघडायची ते तीनदा सांगितलं. आम्ही दोघं कपाटासमोर बसलो. का ते विचारू नकोस, तिथेच बसायची सवय झाली आहे.

आधी नुसती खरखर. मग सूनबाईंचा आवाज, "आई, बोला, चालू आहे." मग तू. सगळं वहीत उतरवून घेतलं आहे, तुझे शब्द तुलाच दाखवते:

"ताई, पत्र शनिवारी मिळालं. कालपासून तुझ्याशी मनात भांडते आहे. दहा वर्षं मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या ग! रोज सकाळी! ह्यांनी तीन डॉक्टर दाखवले. प्रत्येक जण म्हणायचा, गळ्याला काही झालेलं नाही, आणि मी म्हणायची, डॉक्टरला काय कळतं. तुझ्या वहीत माझ्या गुळण्या मांड. एक एक मांड. माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. आणि 'कुणीही' म्हणाले असेन तर मूर्ख होते, तुझ्यानंतर मी एकाही पेटीबरोबर गायला बसले नाही. आता गप्प बस, मला श्वास घेऊ दे."

भाऊजी म्हणाले, "गुळण्या मांडायच्या कशा? जमेला की खर्चाला?" मी त्यांना गप्प केलं.

मग माझी पेटी, लांबून, तुझ्या कानातून गळल्यासारखी. दोन मोकळी आवर्तनं. आणि तू.

पहिली ओळ ऐकली आणि मी भाऊजींचा हात धरला. तुझा आवाज खाली गेला आहे, जाड झाला आहे, कडेला थोडा झिजला आहे. पण तोच आहे. दुसरी ओळ. तिसरी चढायला लागलीस आणि फाटला.

मला वाटलं, झालं, बंद केलंस.

मग एक टाळी.

एक टाळी, चिमे! आणि पेटी मागे घेऊन ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा. पुन्हा फाटला. टाळी. पुन्हा. मी वही ओढली आणि मोजायला लागले. सहा टाळ्या. सातव्या वेळी चढलीस. कसाबसा, धाग्यासारखा, पण आवाज वर पोचला आणि तिथे उभा राहिला. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. घड्याळवाल्याच्या चष्म्यावर कधी धूळ नसते, हे मी लग्नापासून बघत आले आहे.

गाणं संपलं आणि मी दोन टाळ्यांची वाट बघत राहिले. त्या आल्याच नाहीत. नुसती सूनबाई हळूच म्हणाली, "आई, पाणी देऊ?" आणि तू म्हणालीस, "दे. थंडच दे."

थोरली विचारते, "आई, मावशीचं कसं कापू? दोन काठ्या नाहीतच, ठेवू का टाकू?" मी सांगितलं, ह्यातलं काही कापायचं नाही. टाळ्यांसकट ठेव.

वृद्धाश्रमात आज सकाळी अध्यक्षीणबाईंनी तेच लावलं. तुझी परवानगी न घेता, ही माझी नवी चूक, ती मांडून ठेव. त्या आजीने सहावी टाळी झाल्यावर म्हणे मोठ्याने म्हटलं, "चढ ग पोरी!" आणि सातव्या वेळी चाळीस जण तुझ्याबरोबर चढले. काळी चारात. मला सांगत होत्या, म्हाताऱ्यांचे गळे वर जात नाहीत म्हणून!

आता ऐक. शनिवारच्या गाडीची आमची दोन तिकिटं काढली आहेत. गुडघा आणि पेटी मांडीवर घेऊन येईन. भांडण अर्धं राहिलंय ते तिथे पुरं कर, मी उलट बोलणार नाही. फार तर दोनदा बोलेन. तुझ्या कपाटातले कोट बाहेर काढू नकोस. तुझ्या बैठकीत घड्याळ असेल तर भाऊजी ते दुपारी तीनला बंद करतील, त्यांना अडवू नकोस. ह्या वेळी तू पुढे बसायचं नाहीस आणि मी मागे नाही. समोरासमोर बसू. राहिलेल्या दोन टाळ्या तू म्हणशील तेव्हाच वाजतील, आणि नाहीच म्हणालीस तर मी चौतिसावा प्रयत्न लिहायला पान आखून आणते आहे.

सूनबाईंना सांग, थंड पाणी भरून ठेवा.

तू माझ्याकडे बघेपर्यंत सूर न देणारी,
तुझी ताई